करंगळीचा वाटा

"आज तरी तोंड उघडणार आहात का?" मी विचारलं.

हे उंबऱ्यावर बसून उजव्या अंगठ्याचं नख कापत होते. छोट्या सुरीने, पार मांसाला लागेपर्यंत. जमिनीच्या वाटणीच्या दिवशी सकाळी नख कापायचं, हा यांचा चाळीस वर्षांचा नेम. नखाएवढीही जमीन कुणाला जास्त जायला नको म्हणून. पण आज वाटणी नव्हती, सरकारी मोजणी होती. रुतेंग शहरातून जमीन खात्याची पोरगी यंत्र घेऊन आली होती, आणि तिच्या यंत्राला यांच्या अंगठ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"नख कशाला कापताय?"

"कागदावर अंगठा लागेल ना."

"अहो, ठसा अंगठ्याच्या पोटाचा उठतो. नख पाठीला असतं."

यांची मिशी जराशी हलली. हे एवढंच हसतात. त्या मिशीकडे बघून मी आजवर संसार केला, दुसरं काही कळायला मार्गच नव्हता.

"आज नाव सांगायचंय," मी म्हणाले. "आपल्या पट्टीपुढे कुणाचं नाव लिहायचं ते. सेलीचं सांगा. तुमचं लागलं, की तुमच्यामागे पट्टी पुतण्याची. मग माझ्या पोरीने जायचं कुठे?"

"बघू."

या 'बघू'ने माझं निम्मं आयुष्य खाल्लं. छप्पर गळतंय म्हटलं की बघू, डुकरीण व्यायला झाली म्हटलं की बघू. डुकरीण काही यांच्या बघण्याची वाट बघत बसली नाही, पण मी बसले.

आमच्या गावात, गोलो मेरला, जमीन मोजायची रीत वेगळी आहे. डोंगराच्या कुशीतलं शेत गोल आखायचं. मधोमध लाकडी खुंट रोवायचा. डुक्कर कापायचं, पूर्वजांना हाक मारायची, आणि मग वाटणीच्या मानकऱ्याने खुंटावर आपला उजवा अंगठा टेकवायचा. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना सुरीने खाच पाडायची. त्या दोन खाचांतून दोन दोऱ्या थेट कडेपर्यंत ताणायच्या. मधे जे सापडेल ती एका घराची पट्टी, म्हणजे त्या घराचं बोट. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं ते वरून. खुंटाशी सगळ्यांचा वाटा अंगठ्याएवढा, आणि जसजसं खाली जावं तसतशी पट्टी रुंद होत जाते. मानकरी स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी घेतो. आमचे मानकरी हेच. सासऱ्यांच्या मागे मान यांच्याकडे आला.

चाळीस वर्षांपूर्वी या शेतात चौदा घरांना अंगठा मिळाला आणि पंधरावे हे, यांना मिळाली करंगळी. हो, खरंच करंगळी. आमची पट्टी एवढी अरुंद, की तिच्यात मका पेरला तर वारा आला की कणसं शेजारच्या शेतात पडतात. त्या वर्षीच माझं लग्न झालं होतं. वाटणी करून हे संध्याकाळी घरी आले ते हात लुंगीत लपवून. जेवले डाव्या हाताने. विचारलं तर म्हणाले, काटा लागलाय. मला वाटलं, नव्या बायकोला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, म्हणून हातही लपवतोय. तेव्हापासून गावात माझं नाव 'करंगळीवाली' पडलं. आणि मी यांना बोलून घेतलं नाही असा एक पेरा गेला नाही. लोकांपुढे मोठेपणा मिरवायला स्वतःचं ताट रिकामं ठेवणारा माणूस, असं मी चर्चच्या पायरीवरसुद्धा म्हणाले आहे. हे ऐकून घेत.

आता मात्र गोष्ट वेगळी झाली होती. खाडीकडे जाणारा नवा रस्ता शेताच्या कडेकडेने निघाला. जिथे नुसते दगड होते, माकडंसुद्धा बसायची नाहीत, तिथून आता गोऱ्या पाहुण्यांच्या गाड्या जायला लागल्या. लाबुआन बाजो बंदरातला एक दलाल दर आठवड्याला यायचा आणि कडेने पावलं टाकत फिरायचा. रस्त्याला लागून असलेल्या जमिनीचा भाव मीटरवर. एका मीटरला एक म्हैस येईल, असं लोक म्हणायचे. म्हातारे गास्पार तर जाता येता आपल्या पट्टीचं टोक पावलांनी मोजायचे, जणू रात्रीतून वाढलं असेल.

मागच्या दाराने सेली आली. डोक्यावर केळ्यांची पाटी. माझी एकुलती एक. अकरा वर्षं मलेशियात पाम तेलाच्या मळ्यात घड तोडत होती. नवऱ्याने तिथेच दुसरं घर मांडलं, आणि ही तीन वर्षांपूर्वी एका पिशवीनिशी परत आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला विचारलं नाही, रडली नाही, रस्त्याकडेला एक फळी टाकून केळी तळायला लागली. फळी टाकली ती चुलतभावाच्या, रोफिनुसच्या पट्टीच्या टोकावर. त्यानेच टाक म्हणून सांगितलं. पण त्याने जमीन विकली की फळी उठणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"आई, सकाळी सकाळी बाबांना छळू नकोस," ती म्हणाली. "मी काही मागितलेलं नाही."

"तू नाही मागितलंस म्हणूनच मी मागतेय."

"रीत आहे ती. मुलगी परक्याचं धन."

"धन?" मी म्हणाले. "धन असतीस तर त्या मेल्याने जपून ठेवलं असतं."

सेली हसली. यांनी सुरी पुसून म्यानात घातली आणि पाटीतलं एक केळं उचलून खाल्लं. मला कळत होतं यांच्या पोटात काय आहे. अठरा वर्षांपूर्वी अगाथा यांच्यापुढे येऊन उभी राहिली होती. अगाथा लुगडी विणते, लग्न केलं नाही, बापाला शेवटपर्यंत तिने सांभाळलं. बाप गेल्यावर म्हणाली, पट्टी माझ्याकडे राहू द्या. यांनी गावच्या बैठकीच्या मोठ्या घरात सगळ्यांसमोर सांगितलं, की मुलीला वाटा नाही, रीत माझ्या बापाची नाही आणि माझीही नाही, मी फक्त अंगठा टेकवणारा. पट्टी चुलत्याच्या मुलांकडे गेली. अगाथा आजही त्यांच्या घरामागच्या खोपटात माग लावून बसते. तिला नाही म्हटलं आणि स्वतःच्या पोरीला हो म्हणायचं, तर गावात कुठल्या तोंडाने फिरणार? हे मला कळत होतं. पण आईचं पोट कळण्यावर थोडंच चालतं!

आम्ही तिघं शेताकडे निघालो. हे पुढे, नेहमीप्रमाणे हद्दीचे दगड बघत. रोज पहाटे हे शेताला एक फेरी मारतात. कुणाचा दगड डुकराने सरकवला असेल तर परत जागेवर ठेवतात. वाटणीच्या दिवशी कुणाच्या घरची सुपारीसुद्धा तोंडात टाकत नाहीत. मी कितीही बोलले तरी खरं सांगते, असा माणूस मला मिळाला याचा मला मनातून गर्व होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही. बोलायला इतर गोष्टी होत्या.

रस्त्यावर सगळं गाव जमलं होतं. मोजणीवाली पोरगी, वुलान नाव, जावा बेटाकडची, डोक्यावर टोपी, पायात चिखलाचे बूट. तीन दिवसांत तिने आमच्या मक्याच्या कण्या आणि आल्याची कॉफी अशी पचवली होती, की मला ती आवडायला लागली होती. तिच्या हातात काठीवर बसवलेलं यंत्र होतं. एकेका पट्टीच्या टोकाला काठी रोवायची, आकडा सांगायचा, पुढे जायचं. घरमालकाने नाव सांगायचं, अंगठा उठवायचा.

सुरुवात गास्पारांपासून झाली, कारण वाटणीही त्यांच्यापासून झाली होती.

"चाळीस मीटर," वुलान म्हणाली.

दुसरा चाळीस. तिसरा एकोणचाळीस आणि थोडं. लोक खूश होते. यांच्या अंगठ्याची वाहवा चालली होती. "बघ गं पोरी, तुझं यंत्र आणि आमच्या कानिसचा अंगठा एकच," गास्पार म्हणाले. यांनी मात्र मान वर केली नाही. हे आपले पायाने खडा घोळवत उभे.

नववी पट्टी एक्केचाळीस. अकरावी चव्वेचाळीस. तेरावी एकोणपन्नास. लोकांचं बोलणं हळूहळू कमी झालं. चौदावी पट्टी रोफिनुसची, म्हणजे मूळ त्याच्या बापाची, माझ्या थोरल्या दिरांची.

"बासष्ट," वुलान म्हणाली, आणि यंत्राकडे बघून परत म्हणाली, "बासष्टच."

आणि आमची बावीस.

ही कड पूर्वी सगळी दगडांची, उताराची. इथे पट्टी रुंद आहे की अरुंद, याची चौकशी कधी कुणी केली नव्हती. उलट थोरल्या दिरांच्या वाट्याला जास्त दगड आले म्हणून लोक हळहळायचे. आज त्याच दगडांच्या म्हशी झाल्या होत्या.

गास्पारांनी विड्याची लाल थुंकी टाकली. "कानिस," ते म्हणाले, "आम्हाला चाळीस आणि भावाला बासष्ट?"

हे पायाने खडा घोळवतच राहिले.

"मला वाटायचं मानकरी म्हणजे देवमाणूस. करंगळी स्वतःला घेतली, म्हणून आम्ही तुझं नाव घेऊन जेवायचो. आता कळलं. जी करंगळीतली जमीन गेली ती भावाच्या घरात गेली. घरातल्या घरात."

"ओ आजोबा, जपून बोला," रोफिनुस पुढे आला. हा आमचा पुतण्या ट्रक चालवतो, बोलायला चटपटीत, पण मनाने चांगला. यांच्यामागे मान त्याच्याकडे जाणार. "माझा बाप आता उत्तर द्यायला नाही."

"मग काका देईल. जिवंत आहे तो."

माझ्या अंगाची आग झाली. मी गास्पारांना त्यांच्या सात पिढ्यांसकट ऐकवणार होते, इतक्यात वुलानने कागद पुढे धरला. "माफ करा, मला एक विचारायचंय," ती यांना म्हणाली. "जास्त द्यायचं असतं तर एकालाच दिलं असतं ना? पण हे आकडे नवव्यापासून चढत चढत गेलेत. एक्केचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, एकोणपन्नास, बासष्ट. असं का?"

पोरगी परक्या बेटावरची, पण डोळे उघडे होते.

यांनी खडा सोडला. उजवा अंगठा वर केला आणि सगळ्यांना दाखवला, जणू लोकांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"सुजला होता," हे म्हणाले.

"काय?"

"अंगठा. त्या सकाळी खुंटाचं लाकूड तोडायला गेलो. ढोलीत गांधीलमाश्या होत्या. एक चावली, इथे. आधी काही वाटलं नाही. डुक्कर कापून झालं, रक्त खुंटाला लावून झालं. त्यानंतर थांबता येत नाही, हात बदलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. आठ वाटे झाले आणि सूज चढायला लागली."

"मग तेव्हाच बोलायचं नाहीस?" गास्पार म्हणाले.

"माझी पहिली वाटणी होती. बाप जाऊन महिनाही झाला नव्हता. वाटणाऱ्या हाताला माशी चावली म्हटलं असतं, तर तुम्हीच म्हणाला असतात, पूर्वजांना हा हात नकोय. भ्यालो." हे थांबले. एवढं एका दमात बोलायची यांना सवय नाही. "मक्याच्या दाण्याएवढी सूज. मला वाटलं, दाण्याने काय होतंय. खुंटाशी दाणा होता तो. इथे बावीस मीटर झाला. दादाची वेळ आली तेव्हा अंगठ्याचं वांगं झालं होतं. दादाला वाटा दिला आणि बघितलं तर खुंटावर जागाच उरली नव्हती. माझी करंगळी बसली, तेवढी घेतली."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. डाव्या हाताने जेवलेलं ते ताट मला दिसायला लागलं. काटा लागलाय, म्हणाले होते. मी त्या हाताला चुना लावू म्हटलं तर हात दिला नव्हता. आणि मी चाळीस वर्षं या माणसाला मोठेपणाचा भुकेला म्हणत आले. त्याने एकदाही म्हटलं नाही, की बाई, मोठेपणा नव्हे गं, माशी चावली होती. नखाएवढी जमीन जास्त जाऊ नये म्हणून दर वाटणीला नख कापत बसायचा तो का, हे मला त्या दिवशी कळलं.

रोफिनुस यांच्याजवळ आला. मग म्हणाला, "काका, सूज काही माझ्या बापाची नव्हती. काढून घ्या. चाळीसच्या वरचे बावीस मीटर तुमचे."

"काढून कसे घेणार?" नवव्या पट्टीची बाई लगेच म्हणाली. "दिलेलं बोट परत घेत नाहीत."

"त्याचं घेतलं तर आमचंही घेणार का?" तेराव्याचा मालक म्हणाला. त्याचे चाळीसच्या वर नऊ मीटर होते.

एकेक करत सगळ्यांनाच रीत आठवली. ज्यांची पट्टी चाळीसच्या वर होती त्यांना जरा जास्त जोरात आठवली. खुंटावर पाडलेली खाच देवसुद्धा बुजवत नाही, दिलेलं बोट परत घेत नाहीत, घेतलं तर पेरलेलं उगवत नाही. शेवटी गास्पारसुद्धा म्हणाले, "तसं खरं आहे ते. चूक झाली ती झाली. दिलेलं ते दिलेलं." चिडलेले होते, पण रीत सोडवत नव्हती.

"म्हणजे मोजणी आहे तशी लिहू?" वुलानने विचारलं.

"लिही," गास्पार म्हणाले.

"मग शेवटची पट्टी. बावीस मीटर. मालकाचं नाव? कानिसियुस जेहाबुत लिहू ना?"

मी यांच्याकडे बघितलं. हात जोडले नाहीत, बोलले नाही, नुसतं बघितलं. सेली तिकडे फळीजवळ उभी होती, झारा तेलात धरून. तिने मान दुसरीकडे वळवली होती. मोजणी झाली म्हणजे त्या बासष्ट मीटरचा सौदा होणार, फळी उठणार, हे तिलाही माहीत होतं.

हे गावाकडे वळले.

"एकदा चुकलो," हे म्हणाले. "ती चूक तुम्ही आत्ता पदरात घेतलीत. आज मी दुसऱ्यांदा चुकणार आहे. हे रीतीला धरून आहे असं मी म्हणत नाही. कुणी म्हणूही नये. चूक म्हणूनच करतोय आणि माझ्या एकट्याच्या नावावर करतोय." मग वुलानला म्हणाले, "लिही. मार्सेलिना. माझी मुलगी."

सेलीच्या हातून झारा सुटला. "बाबा, नको," ती म्हणाली. "उगाच लोकांचं—"

"तू मधे बोलू नकोस," हे म्हणाले. "तू परकी आहेस. परक्या माणसांनी वाटणीत बोलायचं नसतं."

दोघं तिघं हसले. पण गास्पार हसले नाहीत, आणि मला त्यांच्यामागे अगाथा दिसली. पांढरे केस, खांद्यावर सुताची लडी. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. सगळ्यांनाच ती दिसली. वुलानची लेखणी तशीच थांबली. ती एक शब्द उलट बोलली असती तर त्या दिवशी कागदावर नाव चढलं नसतं, आणि चढू नये असंच मलाही वाटलं असतं.

हे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "अगाथा, तुझा मी गुन्हेगार आहे," हे म्हणाले. "तुझ्या वेळी मला चुकायचं धाडस झालं नाही."

अगाथाने सुताची लडी दुसऱ्या खांद्यावर घेतली. एवढी अठरा वर्षं ती यांच्या अंगावरून जायची, पण नमस्कार करायची नाही.

"माझ्या वेळी पोरगी दुसऱ्याची होती," ती म्हणाली.

"हो."

"एवढं कबूल केलंस, बरं झालं." मग ती वुलानकडे वळली. "लिही गं पोरी, लवकर लिही. नाहीतर हा म्हातारा 'बघू' म्हणेल, आणि मग तुझं यंत्र गंजेल पण याचं बघून व्हायचं नाही."

त्यावर सगळं गाव हसलं. गास्पारसुद्धा. वुलानने नाव लिहिलं. सेलीने लुगड्याला हात पुसले, पुसले, परत पुसले, आणि अंगठा उठवला. तेलाचा डाग पडला कागदावर. वुलान म्हणाली, चालेल.

मग यांनी कमरेची सुरी म्यानासकट काढली. खुंटावर खाचा पाडायची सुरी, सासऱ्यांच्या हातची. ती रोफिनुसपुढे धरली.

"काका, हे काय?"

"दोनदा चुकलेल्या माणसाने वाटणी करायची नसते."

"अजून मला काही येत नाही. मला ट्रक चालवता येतो."

"ट्रक वळवताना दोन्ही बाजूंना बघतोस ना?"

"बघतो."

"तेवढंच करायचं. आणि हाताला काही चावलं तर आधी बोंब मारायची."

रोफिनुसने दोन्ही हातांनी सुरी घेतली. त्याचे डोळे भरले होते. हे मात्र कमरेला हात लावून उभे राहिले, जिथे सुरी असायची तिथे. सबंध आयुष्य तो हात तिथे जायचा आणि काहीतरी लागायचं. आता नुसती लुंगी लागली.

गाव पांगलं. अगाथा फळीजवळ गेली, एक तळलेलं केळं उचललं, फुंकर मारत सेलीला म्हणाली, "बावीस मीटरमध्ये माझी लुगडी टांगायला एक काठी बसेल का गं? पाहुण्यांना दाखवायला."

"दोन बसतील, मावशी," सेली म्हणाली. "एक उन्हात, एक सावलीत."

मी ऐकत होते. अगाथाची बापाची पट्टी काही परत आली नव्हती. ती तशीच चुलत्यांच्या नावावर चढली होती, सकाळीच, चाळीस मीटर. यांनी ती चढताना बघितली होती आणि मीही.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. माणसाला माहीत असतं की आपल्या नवऱ्याशी काहीतरी बोललं पाहिजे, पण चाळीस वर्षं एकाच सुरात बोललेल्या बाईला दुसरा सूर कुठून सापडणार? मी चूल पेटवली. कॉफी ठेवली, आलं ठेचून. यांचा हात हातात घेतला आणि अंगठा उलटासुलटा करून बघितला. माशी चावल्याची खूण कसली राहणार, काही नव्हतं.

"काटा लागला म्हणालात," मी म्हणाले.

"हो."

"मला तरी सांगायचं होतं."

"तू नवी होतीस," हे म्हणाले. "भिऊन परत माहेरी गेली असतीस."

"गेले असते तर बरं झालं असतं. एक शेत तरी रुंद मिळालं असतं." एवढं म्हटलं आणि मला रडू आलं. यांनी हात सोडवून घेतला नाही.

कॉफी झाल्यावर हे दारात जाऊन बसले, परत आत आले, परत गेले. हद्दीचे दगड बघायला जायचं कारण उरलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते यांना कळेना. माझ्याच्याने बघवेना. मी भुईमुगाच्या शेंगांची पाटी यांच्यापुढे सरकवली. "रिकामे बसू नका. सोला."

या माणसाने स्वयंपाकघरातलं काम कधी केलं नव्हतं. पण मांडी घालून बसले आणि एकेक शेंग फोडायला लागले. मी कण्या रांधत होते. सेली येऊन पाय धुवत होती. थोड्या वेळाने बघितलं तर यांनी दाण्यांचे तीन ढीग केले होते, चटईवर, कुणी सांगितलं नसताना. एक माझ्या बाजूला, एक सेलीच्या बाजूला. दोन्ही सारखे, दाणा इकडचा तिकडे नाही. तिसरा स्वतःपुढे ओढून घेतला होता. तो लहान होता.

मी पळी ठेवली, खाली बसले आणि माझ्या ढिगातले मूठभर दाणे यांच्या ढिगात ढकलले.